रिपोर्टमधे 'अ‍ॅव्हरेज रिस्क' आलंय, मग सासऱ्यांचं काय?

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, ओळख लागू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. ती नागपूरची, लग्न होऊन अटलांटाला बरीच वर्षं झाली. नवरा ब्लॅक अमेरिकन, ४४ वर्षांचा, घराणं मूळचं अलाबामाचं. सासऱ्यांना ५७ व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, कळलं तेव्हाच हाडांत पसरलेला होता, ६२ व्या वर्षी गेले. गेल्या ख्रिसमसला नणंदेने घरातल्या सगळ्यांना थुंकीचे डीएनए किट गिफ्ट दिले. नवऱ्याने त्यातली रॉ डेटाची फाइल घेऊन दुसऱ्याच एका वेबसाइटवर टाकली आणि स्वतःचा नि बहिणीचा 'कॅन्सर रिस्क स्कोअर' काढला. त्याचा प्रोस्टेटचा 'अ‍ॅव्हरेज' आला, नणंदेचा (वय ३८) ब्रेस्ट कॅन्सरचा 'हाय' आला. आता नवरा म्हणतो मला ती पीएसए टेस्ट (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) वगैरे काही नको, सायन्सनेच सांगितलंय की मी ठीक आहे. नणंदेची झोप उडालीये, ती दोन्ही ब्रेस्ट काढून टाकायची भाषा करते. मैत्रिणीने मात्र कुठेतरी वाचलंय की हे स्कोअर ब्लॅक लोकांना लागूच पडत नाहीत. त्यात नागपूरहून आई फोनवर म्हणते, त्यांच्या रक्तातच आहे ते, आता आपल्या पोरीचं काय? पोरगी ९ वर्षांची. मैत्रिणीचा प्रश्न असा की हा रिपोर्ट खरा मानायचा की कचऱ्यात टाकायचा, आणि नवऱ्याला न दुखावता टेस्टला कसं न्यायचं.

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी पेशंट तपासणारी डॉक्टर नाही, पण एका हॉस्पिटलच्या जेनेटिक्स लॅबमधे बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे असले कागद हातात धरून बसलेली माणसं पाहिलीयेत. तू विचारतेस खरा की कचरा, आणि मला वाटतं गाडी तिथेच अडकलीये. तुम्ही तिघांनीही त्या रिपोर्टला कोर्टात बसवलंय. नवऱ्याला वाटतं आपण निर्दोष सुटलो, नणंदेला वाटतं शिक्षा झाली, आणि तुला वाटतं जजच खोटा आहे. अगं, तो निकाल नाहीच आहे. ती एक बेरीज आहे, आणि कुठली बेरीज, कुणाच्या आकड्यांवरून केलेली, हे कळलं की निम्मी भीती उतरेल आणि नवऱ्याचा निम्मा निवांतपणाही उतरेल, जो उतरायला हवाच आहे.

बेरीज अशी असते. बहुतेक कॅन्सर एका जीनमुळे होत नाहीत. मग संशोधक काय करतात, कॅन्सर झालेल्या आणि न झालेल्या लाखो लोकांचा डीएनए शेजारी शेजारी ठेवतात, आणि कुठल्या जागी कुठलं अक्षर कॅन्सरवाल्यांमधे थोडं जास्त दिसतंय ते शोधतात. प्रोस्टेटसाठी अशा ४५१ जागांची यादी २०२३ मधे छापून आली. एकेक जागा एकटी फारसं काही करत नाही, किंचित इकडे किंवा किंचित तिकडे ढकलते. सगळ्यांची बेरीज म्हणजे तुझ्या नवऱ्याचा तो स्कोअर. बीआरसीए वगैरे ब्रेस्ट कॅन्सरच्या जीनचं जे नाव तू ऐकलं असशील ते वेगळं प्रकरण, तिथे एकाच जीनमधला एकच बिघाड खूप जड असतो. लोक ह्या दोन गोष्टींची कायम गल्लत करतात आणि तुमच्या घरातही ती झालेली दिसते, त्याच्याकडे परत येते.

आता खरा प्रश्न, ते लाखो लोक कोण होते? २०१६ मधे एक हिशोब झाला होता, अशा अभ्यासांमधले ८१ टक्के लोक युरोपियन वंशाचे होते. २००९ मधे तर ९६ टक्के होते. २०१९ च्या हिशोबात आफ्रिकन वंशाचे लोक २ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ही सगळी मापं एका शरीरावर घेतलेली आणि ब्लाऊज दुसऱ्याच बाईचा शिवलेला, कुठेतरी काखेत काचणारच.

पण नुसतं 'त्यांची माणसं कमी होती' एवढ्यावर थांबू नकोस, कारण नवरा विचारेल की डीएनए तर सगळ्यांचा सारखाच ना, मग फरक काय पडतो. फरक असा पडतो. ह्या टेस्ट बहुतेक वेळा दोषी अक्षर थेट वाचतच नाहीत, त्याच्या शेजारची एखादी खूण वाचतात. आपल्याकडे पत्ता सांगतात ना, 'पारासमोरचं घर', तसं. एका गावात पारासमोर खरंच पाटलांचं घर असतं, म्हणून पार दिसला की पाटील सापडले. तोच पत्ता घेऊन दुसऱ्या गावात गेलीस तर पार दिसेल, पण समोर पाटील नसतील, वाणी असेल नाहीतर मोकळं पटांगण. माणूस जात आफ्रिकेत सगळ्यात जास्त काळ राहिलीये, त्यामुळे तिथल्या लोकांच्या डीएनएमधे विविधता सगळ्यात जास्त आणि पिढ्यान् पिढ्या अक्षरांची पिसणीही जास्त झालेली, खूण आणि दोष एकत्र राहिलेत असं कमी वेळा होतं. आफ्रिकेबाहेर साधारण ६० हजार वर्षांपूर्वी जे पसरले ते मूठभर होते, त्यांच्या वंशजांमधे, म्हणजे युरोपियन काय आणि आपण काय, डीएनएचे मोठे मोठे तुकडे एकसंध राहिले. युरोपियनांच्या गावातली खूण अलाबामाच्या घरात नेली की चुकते ती म्हणून.

शिवाय काही दोष फक्त आफ्रिकन वंशातच आहेत. आठव्या क्रोमोसोमवर ८क्यू२४ नावाचा एक भाग आहे, २००६ मधे तो ब्लॅक अमेरिकन पुरुषांच्या डीएनएमधेही ठळक दिसला, आणि तिथला एक बदल असा आहे जो आफ्रिकन वंशाबाहेर जवळजवळ दिसतच नाही आणि प्रोस्टेट कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट करतो. एचओएक्सबी१३ नावाच्या जीनचंही तसंच, युरोपियनांमधला बिघाड २०१२ मधे सापडला, पश्चिम आफ्रिकन मुळाच्या पुरुषांमधे त्याच जीनचा वेगळा बिघाड असतो, तो बराच नंतर कळला. घरगुती किट जर पहिलाच शोधत असेल आणि दुसऱ्याकडे बघतच नसेल तर 'सापडलं नाही' ह्याचा अर्थ काय राहिला, सांग बरं.

२०१९ मधल्या एका गाजलेल्या पेपरात ब्रिटनच्या डेटावर मोजलं होतं, रक्तातल्या पेशी, उंची, वजन अशा १७ गोष्टींसाठी युरोपियनांवरून बनवलेले स्कोअर इतरांना किती जमतात. आफ्रिकन वंशाच्या लोकांमधे अचूकता ७८ टक्क्यांनी पडली. आणि दक्षिण आशियाई, म्हणजे तू, मी, तुझी आई, आपल्यात ३७ टक्क्यांनी. हे मुद्दाम सांगतेय, कारण हौसेने किट मागवून घरभर रिपोर्ट वाटणारे मराठी लोकही हे सदर वाचतात.

तर मग तू वाचलंस तेच बरोबर, स्कोअर लागूच पडत नाहीत? इथे मी तुलाही थोडं थांबवते. सगळे स्कोअर एका मापाचे नसतात. प्रोस्टेटच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत आफ्रिकन वंशाच्या पुरुषांना मुद्दाम सामील करून घेऊन काम झालंय, कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठातल्या क्रिस्टोफर हेमन ह्यांच्या गटाचं नाव त्यात सतत येतं, आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या केंद्रांचं मॅडकॅप नावाचं नेटवर्क आहे. २०२१ मधे अनेक वंशांचा डेटा एकत्र करून २६९ जागांचा स्कोअर आला, त्यात सर्वात वरच्या १० टक्क्यांतल्या युरोपियन पुरुषांची शक्यता मधल्या लोकांच्या सुमारे ५ पट निघाली आणि आफ्रिकन वंशाच्या पुरुषांची सुमारे ३.७ पट. म्हणजे कमी जमतं, पण जमतं. कचरा नक्कीच नाही. फक्त नवऱ्याच्या त्या वेबसाइटने कुठला स्कोअर लावला, किती जागांचा, तो कुणावर तपासलेला, हे रिपोर्टमधे कुठे लिहिलंय का बघ. लिहिलेलं नसेल तर त्या कागदाशी वाद घालण्यात अर्थ नाही, तो बाजूला ठेव.

आणि त्याच २०२१ च्या कामातली एक गोष्ट आहे जी मला तुमच्या केसमधे सगळ्यात महत्त्वाची वाटते. आफ्रिकन वंशाच्या पुरुषांचा सरासरी स्कोअरच युरोपियन पुरुषांच्या सरासरीच्या सुमारे २.१८ पट धोका दाखवणारा निघाला. आता 'अ‍ॅव्हरेज' ह्या शब्दाकडे परत बघ. कुणाच्यात अ‍ॅव्हरेज? जर वेबसाइटने त्याला युरोपियनांच्या रांगेत उभं करून अ‍ॅव्हरेज म्हटलं असेल तर ती रांगच त्याची नाही. आणि जर त्याच्याच लोकांच्या रांगेत उभं करून अ‍ॅव्हरेज म्हटलं असेल, तर त्या रांगेतला अ‍ॅव्हरेज म्हणजे काय हे अमेरिकन कॅन्सर सोसायटी सांगतेच, दर ६ ब्लॅक पुरुषांत एकाला आयुष्यात कधीतरी प्रोस्टेट कॅन्सर निघतो, सगळ्या अमेरिकन पुरुषांचं प्रमाण ८ मधे एक आहे. म्हणजे नवऱ्याने 'अ‍ॅव्हरेज' वाचलं आणि मनात 'सेफ' ऐकलं. त्याचा दोष नाही, शब्दच तसा फसवा आहे.

त्यात हा स्कोअर सासऱ्यांना ओळखतच नाही! त्या बेरजेत वडील कुठेही नाहीत. डॉक्टरसमोर बसल्यावर मात्र पहिला प्रश्न वडिलांचाच येतो, आणि यायलाच हवा. सख्ख्या नात्यात ६५ च्या आत प्रोस्टेट कॅन्सर निघाला असेल तर कॅन्सर सोसायटी म्हणते ४५ पासून टेस्टचं बोलणं सुरू करा, ब्लॅक पुरुषांनाही ती तेच म्हणते, वडील नसले तरी. तुझा नवरा दोन्हीकडून त्यात बसतो. सख्ख्या नात्यातल्या दोघांना वगैरे लवकर झाला असेल तर ४०. प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनने २०२४ मधे खास ब्लॅक पुरुषांसाठी सल्ला काढला, त्यात पहिली पीएसए ४० ते ४५ च्या मधे करून घ्या असं आहे. तो ४४ चा आहे. म्हणजे 'पुढे कधीतरी बघू' ला जागा उरलेली नाही, हेच ते वय.

एक पूर्वसूचना देऊन ठेवते. एखादा डॉक्टर म्हणेल की ५५ च्या आत गरज नाही. तो खोटं बोलत नसेल, कुठली तपासणी कधी करावी हे सांगणाऱ्या सरकारी टास्क फोर्सचा २०१८ चा सल्ला ५५ ते ६९ चाच आहे, आणि तोही 'बोलून ठरवा' असा. तेव्हा वाद न घालता सरळ वाक्य म्हणायचं, "माझे वडील ५७ ला डायग्नोस झाले आणि ६२ ला ह्यानेच गेले, मला बेसलाइन पीएसए हवीये." बेसलाइन म्हणजे पुढे तुलना करायला हाताशी असलेला पहिला आकडा. ह्या एका वाक्याने मी चर्चा बदलताना पाहिलीये.

पीएसए म्हणजे नुसतं रक्त काढायचं. पण तीही सर्वज्ञ नाही हे आधीच सांगून ठेव, नाहीतर उद्या आकडा थोडा वर आला की घरात दुसरा आकांत. इन्फेक्शनने वाढते, वयाने प्रोस्टेट फुगलं की वाढते, आदल्या दिवशी खूप सायकल चालवली तरी वाढू शकते. म्हणून वर आली तर आधी परत करतात, मग एमआरआय, मग लागली तरच बायोप्सी, आणि बायोप्सीत काही निघालं तरी ते मंद असेल तर लगेच कापाकापी नाही, नुसतं लक्ष ठेवतात, वर्षानुवर्षं. गरज नसताना ट्रीटमेंट होऊन लघवीचे नि संबंधांचे त्रास मागे लागलेली माणसं आहेत, ही भीती खोटी नाही, आणि नवरा हे बोलला तर त्याला उडवून लावू नकोस. त्या भीतीवर इलाज म्हणजे चांगला यूरोलॉजिस्ट शोधणं. टेस्टच न करणं हा काही इलाज नाही.

आता तुझ्या आईचं वाक्य, 'त्यांच्या रक्तातच आहे'. मला माहितीये त्या काळजीने बोलतात. पण हे वाक्य तुझ्या मुलीच्या कानावर जाऊ देऊ नकोस, आणि ते पूर्ण खरंही नाही. अमेरिकेत ब्लॅक पुरुषांचं प्रोस्टेट कॅन्सरने मरण्याचं प्रमाण गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे, हे खरं. पण २०१९ आणि २०२० मधे जे अभ्यास आले, त्यात माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांमधे, जिथे सगळ्यांना साधारण सारखीच सोय मिळते, तिथे डायग्नोस झाल्यानंतर मरणाच्या प्रमाणात ब्लॅक पुरुष मागे पडलेले दिसले नाहीत. म्हणजे जीन्सचा वाटा आहे, पण उशीरा निदान, इन्शुरन्स नसणं, जवळ डॉक्टर नसणं, डॉक्टरने म्हणणं मनावर न घेणं, ह्याचाही फार मोठा वाटा आहे. सासऱ्यांचा कॅन्सर हाडांत पोचेपर्यंत कळला नाही, हे रक्तामुळे की आधी कुणी टेस्टच केली नाही म्हणून? मला उत्तर माहीत नाही, पण आईला हा प्रश्न विचारून बघ, त्या विचार करतील.

नणंदेकडे वळते, कारण मला खरं तर तिची जास्त घाई वाटते. तिला आधी एक फोन कर आणि सांग की निव्वळ अशा स्कोअरवरून ब्रेस्ट काढा असं अमेरिकेतली कुठलीही मोठी गाइडलाइन सांगत नाही. ब्रेस्टचा जो स्कोअर सगळीकडे वापरात आहे तो ३१३ जागांचा, युरोपियन बायकांवरून बांधलेला. तो किती ओळखतो हे असं समज, एक कॅन्सर झालेली बाई आणि एक न झालेली अशी जोडी घेतली, आणि स्कोअरला विचारलं ह्यातली कॅन्सरवाली कोण, तर १०० जोड्यांपैकी किती वेळा बरोबर सांगेल? नाणं उडवलं तरी ५० येतात. युरोपियन बायकांमधे हा स्कोअर ६३ च्या आसपास जातो. आफ्रिकन वंशाच्या बायकांमधे २०२१ मधे तपासला तेव्हा ५७. नाण्यापेक्षा सातच पावलं पुढे! २०२४ मधे आफ्रिकन वंशाच्या ४० हजारांवर बायकांच्या डेटावरून नवीन स्कोअर बांधला, तो ६० पर्यंत गेला, हे काम चाललंय आणि चालायला हवं, पण ह्यापैकी कशावरही सर्जरी ठरवत नाहीत.

पण म्हणून तिला 'काही नाही गं, विसरून जा' म्हणू नकोस. ब्लॅक बायकांना अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सर गोऱ्या बायकांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने मरण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे, आणि ट्रिपल निगेटिव्ह नावाचा जो चिवट प्रकार तो त्यांच्यात जवळपास दुप्पट. तिची भीती चुकीच्या कागदावरून आली असेल, पण तिला तपासण्यासारखं खरं कारण आहे, आणि ते कारण तिचे वडील आहेत. बहुतेकांना वाटतं ब्रेस्ट कॅन्सर आईकडूनच येतो. बीआरसीए२ चा बिघाड वडिलांकडूनही येतो, आणि तोच बिघाड पुरुषांमधे प्रोस्टेटचा आक्रमक कॅन्सर करू शकतो. वडील पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरने गेलेत, एवढं कारण जेनेटिक काउन्सेलरकडे जायला पुरेसं आहे, तिला आणि तुझ्या नवऱ्यालाही.

"पण किटमधे बीआरसीए निगेटिव्ह आलंय" असं म्हणाली तर सांग, २०१८ मधे अमेरिकेत घरगुती किटला बीआरसीएसाठी जी पहिली परवानगी मिळाली ती फक्त ३ बदलांची होती, आणि ते तीनही मुख्यतः अश्केनाझी ज्यू लोकांत सापडणारे. ओळखीचे बदल हजाराच्या वर आहेत. आणि रॉ डेटाच्या फाइलमधून काही 'सापडलं' तर तेही लगेच मानायचं नाही, त्याच वर्षी एका क्लिनिकल लॅबने ४९ लोकांचे असे रिपोर्ट परत तपासले तर ४० टक्के बदल खोटे निघाले. काउन्सेलरच्या थ्रू, क्लिनिकल लॅबमधे, पूर्ण जीन वाचणारी टेस्ट, हीच ती टेस्ट. तिच्यात कधीकधी 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो, ब्लॅक लोकांना तो जास्त येतो कारण तुलनेला डेटाच कमी आहे, तो आला तर त्यावर काहीही कापायचं नाही, थांबायचं आणि दरवर्षी विचारत राहायचं. मॅमोग्राम ४० ला सुरू करायचाच आहे, पण रेडिऑलॉजिस्टांची संघटना २०२३ पासून म्हणतेय की धोक्याचा हिशोब २५ व्या वर्षापर्यंत व्हायला हवा, विशेषतः ब्लॅक बायकांचा, तेव्हा ३८ व्या वर्षी हे विचारायला ती अजिबात लवकर आलेली नाही.

टेस्ट करायच्या आधी एक व्यवहाराची गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. अमेरिकेत २००८ चा जिना नावाचा कायदा आहे, जेनेटिक टेस्टवरून हेल्थ इन्शुरन्स किंवा नोकरी नाकारता येत नाही. पण लाइफ इन्शुरन्स, डिसेबिलिटी आणि म्हातारपणच्या केअरचा इन्शुरन्स ह्यांना तो लागू नाही. लाइफ इन्शुरन्स काढायचाच असेल तर आधी काढा, मग टेस्ट. नवऱ्याची पीएसए मात्र ह्यासाठी अडवून ठेवू नका.

आता तुझा सगळ्यात अवघड प्रश्न, त्याला न्यायचं कसं. तू गृहीत धरलंयस की तो रिपोर्टवर विश्वास ठेवतोय. मला पत्र वाचून तसं वाटलं नाही. ज्या मुलाने बापाला ५७ ते ६२ असं जाताना पाहिलंय तो एका वेबसाइटच्या शब्दावर निश्चिंत होत नाही गं, तो त्या शब्दाला धरून बसतो. माझ्या मामाने लघवीचा त्रास वर्षभर लपवला होता, मामीलाही सांगितलं नाही, आणि विचारलं तेव्हा म्हणाला, "कळलं असतं तर खरं झालं असतं." पुरुषांचं हे कोल्हापुरात काय आणि अलाबामात काय सारखंच आहे.

अलाबामाचं मात्र अजून एक आहे, ते तू सून म्हणून समजून घे. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, त्याच राज्यात टस्कीगीजवळ सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० ब्लॅक पुरुषांवर अभ्यास केला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता आणि त्यांना ते धड सांगितलं नाही, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही, मरेपर्यंत नुसतं बघत राहिले. १९५१ मधे बॉल्टिमोरमधे हेन्रिएटा लॅक्स ह्या ब्लॅक बाईच्या कॅन्सरच्या पेशी तिला न विचारता घेतल्या, जगभर वापरल्या, घरच्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. तुझ्या सासूबाईंनी टस्कीगीच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या असतील, कदाचित ओळखीच्या घरातल्या. त्या घरात 'डॉक्टर म्हणतात तर करून घ्या' हे वाक्य आपल्यासारखं सहज बसत नाही. आणि अभ्यासात ब्लॅक लोक कमी का, ह्याचं एक उत्तर इथेही आहे, पण सगळा दोष त्यांच्या अविश्वासावर ढकलणं मला पटत नाही, कित्येक ठिकाणी त्यांना कुणी विचारायलाच गेलेलं नाही. नीट विचारलं तर लोक येतात, ऑल ऑफ अस ह्या सरकारी प्रकल्पात २०२४ पर्यंतच्या जवळपास अडीच लाख जीनोमपैकी ४६ टक्के अल्पसंख्य वंशांच्या लोकांचे होते.

म्हणून रिपोर्टवरून भांडू नकोस. "तुझा रिपोर्ट चुकीचा आहे" म्हटलंस की तो रिपोर्टचं वकीलपत्र घेईल. वडिलांबद्दल विचार. त्यांना पहिल्यांदा काय त्रास झाला होता, डॉक्टरकडे किती उशीरा गेले, कुणी काय सांगितलं. आणि मग ऐक, मधे पीएसए आणू नकोस. दुसऱ्या कधीतरी सांग की मला त्या स्कोअरमधे एक शंका आहे, आपण दोघं मिळून बघूया तो कुणाच्यात अ‍ॅव्हरेज म्हणतोय, आणि वर लिहिलेला ६ मधे एक चा आकडा त्याच्यासमोर ठेव. त्याचे कुणी मित्र असतील चाळिशीतले, न्हाव्याच्या दुकानात शनिवारी एकत्र बसणारे, त्यातल्या एखाद्याने पीएसए केली असेल तर तुझ्या दहा वाक्यांपेक्षा त्याचं एक वाक्य चालेल. नाहीतर दोघांनी एकाच दिवशी आपापली रक्ततपासणी ठेवा, तुझीही चाळिशीची राहिली असेलच.

लंडनमधे किंवा मँचेस्टरमधे नायजेरियन, घानाचे, जमैकाचे नवरे असलेल्या मराठी बायकाही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. ब्रिटनमधे दर ४ ब्लॅक पुरुषांत एकाला प्रोस्टेट कॅन्सर होतो. ५० नंतर जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, बोलून पीएसए मागता येते, आणि प्रोस्टेट कॅन्सर यूके ही संस्था ब्लॅक पुरुषांना सांगते की ४५ पासूनच जीपीशी बोला. २०२५ मधे तिकडच्या बारकोड१ अभ्यासाची खूप बातमी झाली, थुंकीच्या स्कोअरवरून वरच्या १० टक्क्यांना बोलावून तपासलं आणि त्यातल्या ४० टक्क्यांना कॅन्सर सापडला, काम खरंच मोलाचं आहे, पण त्यात घेतलेले पुरुष युरोपियन वंशाचेच होते. ती बातमी नवऱ्याला फॉरवर्ड करताना हे एक वाक्य वर टाइप करा.

राहिली तुझी लेक. तिचं किट करू नकोस, आत्ता तर नाहीच. तिच्यात अर्धं नागपूर आहे आणि अर्धं अलाबामा, आणि ह्या दोन्हींसाठी धड मापं तयार नाहीत, तर दोघांच्या मिश्रणासाठी कुठून असणार. ती वीस-पंचवीस वर्षांची होईल तोवर स्कोअर आजच्यापेक्षा पुष्कळ सुधारलेले असतील. तोवर तिच्यासाठी एक वही घाल. सासूबाईंना ह्या रविवारी फोन कर, दोन्ही घरांची माणसं लिही, कुणाला काय झालं, कितव्या वर्षी, कशाने गेले, सासऱ्यांचा बायोप्सीचा रिपोर्ट कुणाकडे असेल तर त्याचा फोटो चिकटव. तुझ्या आईकडचंही लिही, फोनवर त्याच सांगतील. आणि नवऱ्याने पीएसए केली की तारीख घालून तो आकडा पहिल्या पानावर.